आकड्यांच्या यादीतून डोंगरउतार कसा उभा राहतो?

"सर्व्हेवाल्याने फाइल पाठवलीय, पण उघडली तर नुसते आकडेच दिसतायत. फाइल करप्ट आहे का?" असा फोन आमच्या ऑफिसात महिन्यातून एकदा तरी येतो. फाइल करप्ट नसते. ते आकडे हीच त्या माणसाची जमीन असते. आठवडाभराने तोच माणूस ऑफिसात येतो, स्क्रीनवर हिरवागार उतार, त्यावर घर आणि घराची सावली बघतो आणि म्हणतो, "अरे वा, अगदी आमचीच जागा!"

पहिल्या वेळी तो उगाच घाबरलेला असतो आणि दुसऱ्या वेळी उगाच निर्धास्त झालेला असतो. आकड्यांपासून त्या हिरव्या उतारापर्यंत जाताना मध्ये काय घडतं ते कळलं, तर आर्किटेक्टला काय विचारायचं हेही कळतं. सपाट जागेवर याचं फारसं अडत नाही. पण मुळशी, मावळ, कोकण, गोवा अशा ठिकाणी उतारावर घर बांधायचं असेल तर जोत्याची उंची, संरक्षक भिंत, पाण्याचा निचरा आणि खोदाईचं बिल हे सगळं त्या हिरव्या चित्रातूनच निघतं.

एका ओळीत काय असतं?

पौडच्या आसपासच्या एखाद्या जागेची फाइल उघडली तर अशी ओळ दिसेल:

१४, २०४९१३०.७७५, ३५३२१५.४२०, ६०२.३१०, बांध

१४ हा बिंदूचा नंबर. दुसरा आकडा उत्तरेचा. ही जागा विषुववृत्तापासून साधारण २०४९ किलोमीटर उत्तरेला आहे, तेच अंतर इथे मीटरमध्ये लिहिलंय. तिसरा पूर्वेचा. त्यासाठी पृथ्वीचे सहा-सहा अंश रेखांशाचे ६० उभे पट्टे पाडलेत. प्रत्येक पट्ट्याच्या मधल्या रेषेला ५,००,००० मीटर ही किंमत देऊन टाकली आहे, म्हणजे पश्चिमेकडे गेलं तरी आकडा उणे होत नाही. या पद्धतीला यूटीएम म्हणतात. आपला पट्टा ४३ वा, त्याची मधली रेषा ७५ अंशांवर. पौड तिच्या पश्चिमेला, म्हणून आकडा पाच लाखांच्या आत. (महाराष्ट्र दोन पट्ट्यांत विभागला जातो. अमरावती ४३ मध्ये, वर्धा ४४ मध्ये. विदर्भातलं काम आलं की हे आधी विचारून घ्यावं.) चौथा आकडा उंचीचा आणि शेवटी तो बिंदू कशावर घेतला याची नोंद.

पुष्कळदा एवढे लांबलचक आकडे नसतातही. सर्व्हेअर जागेवरच्या एखाद्या हलणार नाही अशा दगडावर किंवा ओट्यावर रंगाने खूण करतो आणि "याची उंची १०० धरू" म्हणतो. तेही चालतं. फक्त ती १०० समुद्रसपाटीपासूनची नाही हे सगळ्यांना ठाऊक हवं. उपग्रहावरून उंची देणाऱ्या यंत्राचीही एक गंमत आहे. त्याची मूळ उंची पृथ्वीच्या एका गणिती, गुळगुळीत आकारापासून मोजलेली असते, समुद्रसपाटीपासून नव्हे. आपल्या भागात या दोहोंत ५० मीटरहून जास्त फरक पडतो. शेजारच्या दोन प्लॉटच्या फाइली एकमेकींना जुळत नसतील तर कारण बहुधा इथेच सापडतं.

हे बिंदू घेतात कसे? तिपायीवर टोटल स्टेशन उभं असतं. एक मदतनीस टोकाला आरसा लावलेली काठी, म्हणजे प्रिझम, घेऊन जागाभर फिरतो. यंत्र अंतर आणि कोन मोजतं आणि काठीची लांबी वजा करून जमिनीची उंची काढतं. आता गवत कमरेएवढं वाढलंय, प्रिझम दिसेना, म्हणून मदतनिसाने काठी दीड मीटरची दोन मीटर केली आणि यंत्रावरच्या माणसाने ते नोंदवलं नाही, तर तिथून पुढची सगळी जमीन अर्धा मीटर वर उचलली जाते. स्क्रीनवर ती पायरी छान नैसर्गिक दिसते.

बिंदूंची चादर कशी होते?

बिंदू म्हणजे सुट्या खुंट्या. सॉफ्टवेअर त्यांच्यावरून कापड ताणतं. लग्नाचा मांडव आठवा: बांबू जिथे आहेत तिथे कापडाची उंची पक्की, मधे ते एका बांबूपासून दुसऱ्यापर्यंत ताठ जातं. खाली खड्डा आहे की दगड, हे मांडवाच्या कापडाला कळत नाही.

हे कापड त्रिकोणांचं शिवलेलं असतं. त्रिकोणच का? घरातली तिवई कुठेही ठेवा, डुगडुगत नाही. चार पायांचं टेबल मात्र खडबडीत फरशीवर हलतं आणि मग एका पायाखाली कागदाची घडी सरकवावी लागते. तीन बिंदूंतून एकच सपाट पातळी जाते, चौथा आला की वाद सुरू. म्हणून सॉफ्टवेअर तीन-तीन बिंदू जोडून सपाट तुकडे करतं आणि ते कडेला कडा लावून शिवत जातं.

पण कुठले तीन जोडायचे? दोनशे बिंदूंतून त्रिकोण हजार तऱ्हांनी पाडता येतात. इथे बहुतेक सॉफ्टवेअर बोरिस डेलोने या रशियन गणितज्ञाचा १९३४ सालचा नियम वापरतात. त्रिकोणाच्या तिन्ही टोकांतून जाणारं वर्तुळ काढा. त्याच्या पोटात चौथा बिंदू येत नसेल तर त्रिकोण मान्य, येत असेल तर जोडणी बदला. या नियमाने सुईसारखे लांबट त्रिकोण शक्य तितके टळतात आणि जवळच्या बिंदूंची जवळच्यांशी सोयरीक होते. डेलोने स्वतः पट्टीचे गिर्यारोहक होते, अल्ताई पर्वतात त्यांच्या नावाचं शिखर आहे. डोंगर पायांनी ओळखणाऱ्या माणसाचा नियम आज डोंगर कधी न पाहिलेली यंत्रं पाळतात, याची मला मजा वाटते.

तरी हा नियम सर्वज्ञ नाही. कागदावर एक चौकोन काढा. चार कोपऱ्यांवर ओळीने उंची लिहा: ६००, ६०२, ६००, ६०२. आता त्याचे दोन त्रिकोण करायला एक कर्ण मारा. ६०२ वाले कोपरे जोडलेत तर मधोमध ६०२ उंचीची धार तयार होते. ६०० वाले जोडलेत तर त्याच जागी ओढा वाहतो. बिंदू तेच, आकडे तेच, आणि मध्यावर फरक दोन मीटरचा. चौकोन अगदी नेमका असेल तर चारही कोपरे एकाच वर्तुळावर बसतात, त्यामुळे डेलोनेचा नियमही निकाल देऊ शकत नाही. सॉफ्टवेअर कुठला तरी एक कर्ण घेतं आणि पुढे जातं.

म्हणून पाच-पाच मीटरच्या चौकटीत नेमाने घेतलेले बिंदू दिसायला शिस्तीचे असले तरी पुरत नाहीत. धारेवर, ओढ्याच्या तळाशी, उतार मोडतो तिथे, जादा बिंदू हवेत. चांगला सर्व्हेअर चौकट सोडून तिकडे जातो. घाईतला जात नाही.

बांध का गायब होतो?

उतारावरच्या शेतजमिनीत बांध असतात, कोकणात दगडी गडगे असतात. अशा ठिकाणी जमीन एका पावलात मीटरभर खाली उतरते. बांधाच्या माथ्यावर एक बिंदू आणि पुढचा पाच मीटरवर खालच्या शेतात असेल, तर कापड त्या दोघांमध्ये तिरकं ताणलं जातं. बांध जातो आणि घसरगुंडी उरते. उपाय साधा आहे. माथ्याच्या कडेने एक रांग, पायथ्याच्या कडेने दुसरी. रस्ते आणि कालव्यांसाठी वापरतात त्या सिव्हिल थ्रीडी या सॉफ्टवेअरमध्ये "ही कडा आहे, हिला ओलांडून त्रिकोण करू नकोस" असं रेषा देऊन सांगता येतं. तिला ब्रेकलाइन म्हणतात. घरं आखायच्या रेव्हिटमध्ये बिंदूंच्या फाइलबरोबर ती सोय नाही, तिथे बिंदूच दाट घ्यावे लागतात.

अगदी उभी भिंत तर या कापडाला जमतच नाही. एका जागेला एकच उंची, हा त्याचा कायदा. माथा आणि पायथा नेमके एकाच जागी दिलेत तर रेव्हिट दोहोंतला एकच बिंदू ठेवतं आणि दुसरा सोडून देतं. म्हणून पायथ्याची रांग दोन-चार सेंटीमीटर बाहेर सरकवायची.

याच्या उलट नको तेही आत येतं. विहिरीतल्या पाण्याची पातळी, पाण्याच्या टाकीचा माथा, विजेच्या खांबाचं टोक असं सगळं सर्व्हेअर इमानाने नोंदवतो. त्याचं ते कामच आहे. फाइल न गाळता तशीच आत घेतली की विहिरीच्या जागी नरसाळं आणि खांबाच्या जागी शंकूच्या आकाराची टेकडी उगवते. ओळीच्या शेवटची ती "बांध", "विहीर", "झाड" ही नोंद इथे उपयोगी पडते, आणि नेमकी तीच बरेच जण फाइल छोटी करायची म्हणून उडवतात.

फाइल आत घेताना होणारे घोटाळे

सर्व्हेअर आधी उत्तर लिहितो, मग पूर्व. सॉफ्टवेअर आधी क्ष मागतं, मग य, म्हणजे आधी पूर्व, मग उत्तर. हा क्रम न बदलता फाइल घेतली की सगळी जमीन आरशात पाहिल्यासारखी उलटते. आकार बरोबर, क्षेत्रफळ बरोबर, उतारही बरोबर, फक्त डावं उजवीकडे गेलेलं.

आमच्याकडून एकदा हे झालंय. वीस गुंठ्यांची जागा. रस्ता कागदाच्या खालच्या बाजूला यावा म्हणून नकाशा फिरवून घेतलेला, त्यामुळे उत्तर कुठे याकडे कुणी नीट पाहिलंच नाही. हद्दसुद्धा त्याच बिंदूंवरून काढलेली, म्हणजे तीही इमानेइतबारे उलटी. दोन बैठका झाल्या. तिसऱ्या बैठकीला मालकांचे वडील आले. चष्मा पुसत बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसले आणि म्हणाले, "रस्त्यावनं आत शिरलं की हीर उजव्या हाताला हाय आमची. तुमी डाव्या अंगाला का नेलीया?" मालक म्हणाले, "आबा, ते वरून बघितल्यासारखं असतं." आबा म्हणाले, "वरनं बघितलं म्हून काय हीर उडी मारती व्हय?"

तेव्हापासून पहिल्या बैठकीला घरातलं एखादं जुनं माणूस असावं असा माझा आग्रह असतो.

दुसरा घोटाळा नंबरचा. रेव्हिट ओळीतले पहिले तीन आकडे क्ष, य आणि उंची म्हणून घेतं. सुरुवातीचा बिंदू-क्रमांक काढला नाही तर वरच्या ओळीतला १४ क्ष होतो आणि पूर्वेचे ३,५३,२१५ मीटर उंची होतात. जमीन ३५३ किलोमीटर आकाशात, अंतराळ स्थानकाच्या शेजारी! हा घोटाळा बरा, कारण लगेच दिसतो. उंचीच्या रकान्यात चुकून शून्य राहिलेला एखादा बिंदूही असाच, ६०० मीटर खोल विहीर पाडून लक्ष वेधून घेतो.

खरा लबाड घोटाळा एककांचा. फाइल मीटरमध्ये आहे आणि आत घेताना फूट निवडले, तर लांबी, रुंदी, उंची तिन्ही सारख्याच प्रमाणात आकसतात. उताराचे कोन तसेच राहतात, म्हणून चित्र अगदी खरं वाटतं. पण वीस गुंठ्यांचे दोन गुंठेही उरलेले नसतात. आपल्याकडे क्षेत्र गुंठ्यांत, खोल्या फुटांत, सर्व्हे मीटरमध्ये आणि ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये अशी चौरंगी भाषा चालते, तेव्हा हे व्हायचंच. जागेवर टेपने मोजलेलं एक अंतर, समजा फाटकापासून विहिरीपर्यंतचं, वहीत लिहून ठेवायचं आणि स्क्रीनवर तेच मोजून बघायचं. एका मिनिटाचं काम आहे.

चित्र थरथरतं ते का?

हा भाग जरा तांत्रिक आहे, पण पुष्कळांना छळणारा आहे. बिंदू खऱ्या यूटीएम आकड्यांसह घेतले की कधी कधी रेषा तुटक दिसतात, कडा फडफडतात, दोन बिंदू एकमेकांवर चढतात. कारण सॉफ्टवेअरचं शून्य विषुववृत्ताजवळ धरलं जातं आणि घर तिथून दोन हजार किलोमीटरवर. स्क्रीनवर चित्र काढणारी चिप साधारण सात अंकांपर्यंतच हिशेब ठेवते. २०४९१३०.७७५ मध्ये दहा अंक आहेत. एवढ्या मोठ्या आकड्याजवळ तिला साडेबारा सेंटीमीटरहून बारीक पाऊल टाकता येत नाही. ट्रकच्या वजनकाट्यावर लग्नातली अंगठी तोलायला ठेवल्यासारखं ते. म्हणूनच रेव्हिट सांगतं की बांधकाम आपल्या अंतर्गत शून्यापासून १६ किलोमीटरच्या आत ठेवा.

उपाय असा: सगळ्या ओळींतून एकच ठरावीक आकडा वजा करायचा, म्हणजे जागेचा एखादा कोपरा शून्याजवळ येतो. सोसायटीत फ्लॅट विचारताना आपण पिनकोड सांगत नाही, "बी विंग, तिसरा मजला" एवढंच सांगतो, तसं. मात्र वजा केलेला आकडा सॉफ्टवेअरमध्ये आणि ड्रॉइंगवर नोंदवलेला हवा. तो हरवला की पुढे रस्तेवाल्यांच्या किंवा शेजारच्या प्रकल्पाच्या नकाशात आपलं घर बसवता येत नाही.

"सरकारी मोजणी झालीय की, परत सर्व्हे कशाला?"

भूमी अभिलेखाच्या मोजणीत हद्दी आणि क्षेत्र मिळतं, उंची मिळत नाही. ती मालकीसाठी असते. आणि त्यातलं क्षेत्र आडव्या सपाटीवर उतरवलेलं असतं, उतारावर चालून मोजलेलं नव्हे. २० अंशांच्या उतारावर सातबाऱ्यातल्या १० गुंठ्यांची प्रत्यक्ष माती साधारण साडेदहा गुंठ्यांहून थोडी जास्त भरते. उतारावर फरशी किंवा हिरवळ करायची असेल तर हा फरक खिशाला कळतो.

"गूगलवरून उंची मिळते ना फुकट?"

मिळते. उंचीचा जो मोफत जागतिक नकाशा सगळीकडे वापरला जातो तो फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर अंतराळयानाने ११ दिवसांच्या फेरीत रडारने केला. त्यात साधारण ३० मीटरला एक उंची आहे. ३० गुणिले ३० म्हणजे ९०० चौरस मीटर, जवळपास नऊ गुंठे. तुमच्या दहा गुंठ्यांच्या वाट्याला एक बिंदू! आणि एका बांबूवर मांडव उभा राहत नाही. इस्रोच्या कार्टोसॅट उपग्रहावरून केलेला ३० मीटरचा नकाशाही भुवन या इस्रोच्याच संकेतस्थळावर आहे. समोरची टेकडी, दरीचं दृश्य, पाणलोट कुठून येतो एवढं दाखवायला हे नकाशे उत्तम. जोत्याची उंची त्यावरून ठरवू नये.

"मग ड्रोन उडवू"

उडवा. ड्रोन लाखो बिंदू आणतो. पण फोटो काढणारा ड्रोन दिसतं ते मोजतो, म्हणजे आंब्याचा शेंडा, गवताचं टोक, शेजारच्याचं पत्र्याचं छप्पर. लेझर लावलेला ड्रोन पानांच्या फटींतून जमिनीपर्यंत पोचतो, तरी ऑगस्टमधल्या करवंदीच्या जाळीपुढे त्याचीही पंचाईत होते. उघड्या कातळावर, उन्हाळ्यात, मोठ्या क्षेत्रासाठी ड्रोन झकास. रानाने भरलेल्या पंधरा गुंठ्यांसाठी मी अजून काठीवालाच मागते. शिवाय लाखो बिंदू जसेच्या तसे रेव्हिटमध्ये ओतले तर संगणक मान टाकतो. आधी विरळ करून घ्यावे लागतात, सपाटीवर जास्त विरळ आणि कडांवर कमी.

कुणी समोच्च रेषांचा, म्हणजे कंटूरचा नकाशा देतात. भूगोलाच्या पुस्तकात असायच्या त्याच, सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा. त्यावरूनही पृष्ठभाग करता येतो. पण त्या रेषा मुळात बिंदूंवरूनच काढलेल्या असतात, म्हणजे आपण झेरॉक्सची झेरॉक्स काढतो. धारेवर आणि नाल्यात त्रिकोणाची तिन्ही टोकं एकाच रेषेवर पडतात, तिन्हींची उंची सारखी, म्हणून तिथे खोटी सपाटी तयार होते. मूळ बिंदू मागून घ्या. पैसे तुम्ही त्यांचेच दिलेले असतात.

दहा सेंटीमीटरने काय बिघडतं?

एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. पृष्ठभाग सगळीकडे दहा सेंटीमीटर, म्हणजे वीतभरसुद्धा नव्हे, चुकला तर फरक सुमारे ४०५ घनमीटर. १०० घनफुटांचा एक ब्रास या हिशेबाने जवळजवळ १४३ ब्रास. मुरूम, जेसीबी आणि डंपरचा तुमच्या भागातला दर घालून गुणाकार करा.

खोदाई-भरावाचा हा हिशेब सॉफ्टवेअर दोन कापडांतली पोकळी मोजून करतं: एक आधीच्या जमिनीचं, एक नंतरच्या. गडबड पहिल्या कापडाची होते. काम सुरू व्हायची घाई असते, जेसीबी भाड्याने आलेला असतो, "सर्व्हे काय, नंतरही होईल" असं म्हणून बकेट लागते. नंतर तो होत नाही, कारण मूळ जमीनच राहिलेली नसते. मग बिलाच्या वेळी कंत्राटदार डंपरच्या खेपा मोजून दाखवतो. खोदलेला मुरूम सुटा होऊन फुगतो, त्यामुळे डंपरमधले ब्रास जमिनीतल्या ब्रासपेक्षा नेहमीच जास्त भरतात. त्यात खोटेपणा कुणाचाच नसतो, पण मालकाकडे दाखवायला काही नसतं.

वीस गुंठ्यांसाठी पाच मीटरच्या चौकटीने ८० बिंदू होतात, बांध आणि ओढ्याचे धरून दीडशे. काठीवाल्याचं एका दिवसाचं काम. जेसीबीवाल्याला तारीख द्यायच्या आधीचा दिवस त्याच्यासाठी ठेवायचा, आणि खुणेचा तो १०० चा दगड खोदाईत जाणार नाही अशा ठिकाणी आहे ना, हे स्वतः जाऊन बघायचं.